गाडी डोलत असेल तर डोलू द्या

राजेहो, सोयाबीनचे पैसे हातात आले की कोणी ठिबक टाकतं, कोणी मुलीच्या लग्नाचं सोनं घेऊन ठेवतं. तुम्ही 2005 सालची टर्बो गाडी घेतलीत. 1.8 लिटर, वीस व्हॉल्व्ह, दीडशे घोडे. कारंजाजवळ समृद्धीवर चढायचं आणि 120 च्या पाटीकडे डोळा मारत नागपूर गाठायचं, असा बेत होता. सध्या ते दीडशे घोडे गोठ्यात, बैलजोडीच्या बाजूला, तुरीच्या कुटाराला टेकून उभे आहेत आणि उभ्या उभ्या थरथरताहेत. 800 वर थांबायचा तो आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा 500 वर येतो, 1200 वर जातो, पुन्हा खाली. अंगात आल्यासारखा. कधी कधी तर गाडी बंदच पडते.

घाबरू नका. आधी गावाला सांगून टाका, की टर्बो अशीच असते. निम्मा गाव विश्वास ठेवतो, उरलेल्या निम्म्याने टर्बो पाहिलेली नाही.

मग पेट्रोलला दोष द्या. इथेनॉल! हा दोष बिनखर्चाचा आणि टिकाऊ. फक्त बांधावर उभं राहून बोलू नका, कारण शेजाऱ्याचा मका त्याच इथेनॉलला जातो. एक किलो पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो पुरते. म्हणून 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात इंजिनला साधारण 8 टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. तेवढं तर गाडीचा कॉम्प्युटर सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरला विचारून आपणहून करतो. ॲव्हरेज पडतो, जुनं रबर चिवट राहत नाही, टाकीत पाणी ओढलं जातं, हे सगळं खरं. पण केवळ तेवढ्याने काटा असा नाचत नाही. ही माहिती पारावर काढू नका. गप्पांची मजा जाते.

आता मेस्त्री. "सेन्सर गेला," असं तो म्हणेल. कोणता, हे विचारू नका. माणसाचा अपमान होतो. प्लग बदला. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइल चारही बदला. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावली आणि मिसिंगही, म्हणजे इंजिनचा चुकणारा ठोका, तिच्यासोबत एक नंबरला गेलं तर कॉइल खराब, जागचं हललं नाही तर कॉइल बरी, असं कोणी सुचवेल. त्याला वाटेला लावा. फुकटात होणाऱ्या तपासणीवर भरोसा कसा ठेवायचा?

तरी नाही थांबली, तर नागपूरला नेऊन लॅपटॉप लावा. पडद्यावर पी 0171 येईल. म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हे कळतं ऑक्सिजन सेन्सरमुळे, तेव्हा आधी तोच काढून फेका. जो तक्रार करतो त्यालाच हटवायचं, ही रीत आपल्याला नवी थोडीच आहे.

लॅपटॉपवाल्या पोराजवळ जास्त वेळ मात्र बसू नका. ते पोरगं भलतंच काही शिकवून ठेवेल. म्हणेल, काका, कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते आधी गाडी उभी असताना पाहा, मग रेस देऊन 2500 आरपीएमवर पाहा. उभी असताना 20 टक्के आणि रेस दिल्यावर जवळजवळ शून्य, तर कुठेतरी पाइप फाटलाय. भोक तेवढंच राहतं, पण इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की त्या भोकाचा हिस्सा मामुली होतो. उलट लोड आल्यावर आकडा वाढत गेला, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर पाहायचा. आणि वजनकाटा झाल्यावर मागच्या दाराने गाडीत भरलेला कापूस हिशोबात येतो का? तसंच, मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे भोक पडलं तर ती हवा मोजणीत येतच नाही. झालं! दोन आकड्यांत अर्धा रोग सापडला, तर बाकीच्या पार्टांनी जायचं कुठे?

पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सरही तो दाखवेल. दाखवू देऊ नका. चंद्रपूरला पारा 46 च्या वर गेलेला असतो, आणि तुमची गाडी त्या बिघडलेल्या सेन्सरचं ऐकून बर्फात उभी असल्यासारखं पेट्रोल ओतत असते. गरम गाडी सुरू करताना काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काजळलेले. तुमच्या गाडीत तसलं काही नाही, तरी सेन्सर बदलून घ्याच. आलोच आहोत नागपूरला.

बिल साठ हजार झालं का? थोडं कमी असेल तर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनच्या हवेची झडप, धुऊन घ्या.

एवढ्यावर गाडी गोठ्यात परत येते आणि पहिल्यासारखीच डोलते. अशा वेळी आसपास सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, नाही ना, एवढं बघा. आमच्याकडे होता. बैलांपुढे कडबा टाकून उभा राहिला, कान दिला, म्हणाला, "मालक, हे हवा घेऊन रायली. शूऽऽ करते, आयका."

"तुले काय कळते रे टर्बोतलं?"

"टर्बोतलं नाई कळत. आपल्या विहिरीवरची मोटर हवा घेते तवा तुमी मोटर बदलता का पाइप पाहता?"

हातातल्या बॅटरीचा उजेड त्याने इंजिनमागे टाकला. बोटाएवढा रबरी पाइप, त्याच्या खालच्या अंगाला, जिकडे कोणाची नजर जात नाही तिकडे, उंदराने कुरतडलेला. कुटाराला टेकून उभी केलेली गाडी, रात्री बॉनेटखाली ऊब; उंदराला आणखी काय लागतं? पिकअपही त्याच भोकातून जात होता.

त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून तार आवळली. काटा 800 वर आला आणि तिथेच बसला.

तुमच्यावर ही वेळ आली तर सालदाराला चहा पाजा, तंबाखूची पुडी द्या आणि तोंड बंद ठेवायला सांगा. घरी सांगायचं, नवा सेन्सर आता कुठे सेट झाला. आणि नागपूरच्या बिलांची थप्पी गोठ्यात ठेवू नका, उंदीर आहेत.