चिंता कर, पण उभ्या फ्रेममध्ये

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा पर्सेंटाइल आला, तो आत्याला सांगण्यासारखा नाही, कुठल्या ब्रँचला जायचं ते कळत नाही, एआय सगळ्या नोकऱ्या खाणार असं रोज कोणीतरी येऊन सांगतंय, आणि या सगळ्यामुळे तुला रात्री झोप लागत नाही. मस्त. इथपर्यंत तुझं सगळं बरोबर चाललंय. चुकतंय ते पुढे. तू लाइट बंद करून, भिंतीकडे तोंड करून, एकटाच चिंता करत पडतोस. अरे ही काय पद्धत झाली? पंख्याकडे बघून केलेल्या चिंतेला व्ह्यूज नसतात.

तुझ्या या जागरणासाठी किती मोठी मोठी माणसं झटतायत याची कल्पना तरी आहे का तुला? नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज २०१७ सालीच बोलून गेलेत की आमची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. त्या भल्या माणसाला मुंबईतली झोप माहीत नसावी, इथे वन रूम किचनमध्ये एका कानाशी आजीची सिरीयल, दुसऱ्या कानाशी शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट आणि वरून बाबांचा पहाटेच्या लोकलचा अलार्म, म्हणजे झोप आधीच हरलेली, त्यांनी नुसतं येऊन ट्रॉफी उचलायची. उरलेल्या तीन-चार तासांसाठी यूट्यूब, इन्स्टा, हॉटस्टार, प्राइम सगळे तुझ्या उशीपाशी रांग लावून उभे आहेत आणि तू म्हणतोस मला कोणी विचारत नाही.

तर पहिलं काम, चिंता उभी करायला शिक. नऊ बाय सोळा, म्हणजे मोबाइल उभा धरून. पहिल्या तीन सेकंदांत "माझं फ्युचर संपलं" असं बोलून टाकायचं, पर्सेंटाइल मात्र शेवटपर्यंत सांगायचा नाही, नाहीतर लोक थांबत नाहीत. आई मागून "जेवायला येतोयस की मी झाकून ठेवू" म्हणून ओरडली तर ते कापू नकोस, तेवढाच भाग चालतो. रडू आलं तर आधी खिडकीकडे तोंड कर, ट्यूबलाइटमध्ये डोळ्यातलं पाणी नीट येत नाही. खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत असेल (असणारच), तर लॅमिंग्टन रोडला जाऊन रिंग लाइट घे.

लोकेशनचं टेन्शन घेऊ नकोस, वरळीला पोदार हॉस्पिटलजवळ अभ्यास गल्ली आहेच. तिथे आसपासच्या चाळीतली पोरं, ज्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, ती वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसली आणि शिकली. त्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही की आपण कंटेंट आहोत. नुसता अभ्यास केला, पास झाली, नोकऱ्यांना लागली, घरात पैसे द्यायला लागली आणि मोकळी झाली. एक रील नाही, एक व्लॉग नाही, केवढं नुकसान! तू ही चूक करू नकोस. ट्रायपॉड लाव, पुस्तक उघड, 'स्टडी विथ मी, सहा तास' लिही आणि पान उलटू नकोस, एडिटिंगला त्रास होतो.

पैशाचं गणित सीईटीच्या गणितापेक्षा सोपं आहे. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे हवे असतील तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास लोकांनी बघितलेलं पाहिजे. ४००० तास म्हणजे रात्रंदिवस न थांबता जवळजवळ १६७ दिवस. तुझ्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवर माणूस सरासरी दोन मिनिटं टिकला (सावंत काकू नाही टिकणार, त्या लाइक करून लगेच भाजीला जातात) तर १ लाख २० हजार व्ह्यूज झाले की झालं. एवढं जमत नसेल तर शॉर्ट्स टाक, तिथे ९० दिवसांत फक्त १ कोटी व्ह्यूज लागतात, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत हे पोरांना सहसा सहा महिन्यांनी कळतं, म्हणजे सहा महिने तरी आनंदात जातात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुझे, शॉर्ट्समध्ये तुझ्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५. आणि १०० डॉलर जमेपर्यंत हातात काहीच नाही. त्याच्याही आधी तुझा पत्ता खरा आहे का हे बघायला गुगल चक्क पोस्टाने पिन पाठवतं, हो, पोस्टाने, आणि तो कागद पोस्टमनकडून वॉचमनकडे, वॉचमनकडून सोसायटीच्या ऑफिसात आणि तिथून आईच्या लाइट बिलांच्या पिशवीत जातो. तुझ्या डिजिटल करिअरची चावी त्या पिशवीत आहे, आईशी नीट वाग.

बाबांशी बोलताना मात्र आकडे मोठेच सांग. मे २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला वेव्ह्ज नावाची मीडिया-मनोरंजनवाल्यांची समिट भरली होती, तिथे यूट्यूबचे सीईओ नील मोहन म्हणाले की भारतातल्या क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना आम्ही तीन वर्षांत २१,००० कोटी दिले, आणखी ८५० कोटी घालणार आहोत. हे सांगताना 'मीडिया कंपन्या' हे शब्द जरा पटकन बोल, म्हणजे मोठाले म्युझिक लेबल, न्यूज चॅनेल आणि तू असे सगळे एकाच पंगतीत बसता. बाबा चष्मा काढतील, पुसतील आणि विचारतील, "महिन्याला किती?"

इथे तुला वाटेल की प्लॅटफॉर्म तरी नीट निवडावा. निवड ना, इतिहास बघून निवड. वाइन नावाचं छोट्या व्हिडिओंचं ॲप २०१७ मध्ये बंद पडलं. टिकटॉकवर पोरांनी लाखांनी फॉलोअर्स जमवले आणि २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यात तेही गेलं, रात्री स्टार होते ते सकाळी परत पप्पांच्या दुकानात. दोन आठवडे व्हायच्या आत इन्स्टाने भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणलं, तेही पहिल्यांदा भारतात, कारण अशी रिकामी झालेली गिऱ्हाइकं जगात दुसरीकडे कुठे मिळणार. देशीपण धडाधड आले, मोज, टकाटक, आधीपासूनचे चिंगारी, मित्रों पण फुगले, आणि २०२२ मध्ये टकाटक मोजच्या पोटात गेलं. अमेरिकेतलं छोट्या व्हिडिओंचं ॲप क्विबी तर वेगळीच केस, १.७५ अब्ज डॉलर गोळा केले, एप्रिल २०२० ला सुरू झालं आणि डिसेंबरला बंद. आपल्याकडे एवढ्या वेळात काही जणांचा रिव्हॅल्युएशनचा निकालसुद्धा लागत नाही.

आणि लांबीचं तर विचारूच नको. सुरुवातीला म्हणाले १५ सेकंद, माणसाचं लक्ष त्याच्यापुढे टिकतच नाही. मग ३०, ६०, ९० करत करत २०२५ पर्यंत रील्सही तीन मिनिटं आणि शॉर्ट्सही तीन मिनिटं. स्पर्धा अजून थोडी वाढू दे, तीन अंकी नाटकाचा शोध लावतील आणि मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा ॲपवरून विकतील.

क्रिकेटमध्ये काय झालं ते तर तू पडल्या पडल्या बघितलंयस. २०२३ पासूनच्या पाच आयपीएलचे डिजिटल हक्क रिलायन्सच्या वायकॉम१८ ने २३,७५८ कोटींना घेतले आणि जिओसिनेमावर मॅच फुकट दाखवली, हॉटस्टारचे पैसे भरणारे लोक तिकडे पळाले, आपण म्हटलं वा, स्पर्धा असावी तर अशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच दोघे भांडणं विसरून जिओहॉटस्टार नावाने एका घरात नांदायला लागले आणि फुकटाची सवय लागलेल्या आपल्यासमोर रिचार्जचा पॅक ठेवला. ताईच्या कॉमर्सच्या पुस्तकात स्पर्धेची व्याख्या वेगळी आहे, पण ताईसुद्धा दुसऱ्याच्याच पासवर्डवर बघते.

थोडक्यात काय, हजारो कोटी, वकिलांची फौज, शहरभर होर्डिंग, एवढं सगळं हाताशी असून या लोकांना पुढच्या वर्षी आपण कुठल्या नावाने धंदा करणार ते सांगता येत नाही. ठीक आहे, ती मोठी माणसं आहेत, त्यांना कोण विचारणार. पण तू अठरा वर्षांचा आहेस, तुला मात्र दहा वर्षांनी आपण कुठे असू ते पाठ पाहिजे, आणि तेही लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढणाऱ्या काकांना, एका वाक्यात.

राहिला एआयचा प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये इन्स्टावाल्या मेटाने व्हाइब्स काढलं आणि चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने सोराचं ॲप, दोन्हीकडे एआयने बनवलेले व्हिडिओ सरकवत बसायचं. बनवायला माणूस लागत नाही एवढं तर जमलंय, आता बघायलाही लागेनासा झाला की सगळ्यांनाच सुट्टी. तोवर तुझी नोकरी पक्की आहे, घाबरू नकोस. एआय सगळं करू शकतं, चेहरा, आवाज, रडणं, पाऊस, पावसात भिजलेली दादरची फुलगल्ली. पण त्याला बारावीचा निकाल लागत नाही. त्याला डोंबिवलीची आत्या नाही, जी फोन करून "काय मग, पुढे काय" म्हणते आणि उत्तर द्यायच्या आधी स्वतःच्या मुलाचं पॅकेज सांगते. असली ओरिजिनल चिंता बाजारात फक्त तुझ्याकडे आहे, आणि ती तू इतके दिवस उशीत तोंड खुपसून फुकट वाया घालवलीस.

त्यामुळे आता उठ. कॉलेज-ब्रँच निवडायच्या ऑप्शन फॉर्मची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपतेय, म्हणजे तू बसणार साडेचारला, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जाणार आणि बाबा तेव्हा कुर्ला-सायनच्या मध्ये कुठेतरी दाराशी लटकलेले असणार. स्क्रीन रेकॉर्डिंग आधीपासून चालू ठेव. आणि चुकून फॉर्म सबमिट झालाच, तर तो भाग लगेच टाकू नकोस, पार्ट टूला ठेव.