दुधाचे खाडे आणि वहीचं पान
रोजच्या जगण्याचं स्क्रॅपबुक करायचं तर 'पानावर लावू काय?' इथेच गाडी अडते. माझी सुटली ती जुन्या कालनिर्णयमुळे. रद्दीत टाकताना सहज पानं चाळली, तर आईच्या अक्षरात दुधाचे खाडे, 'गॅस लावला', 'बाबा – चष्मा', आणि एका मंगळवारच्या चौकोनात नुसतंच 'दात पडला'. कुणाचा ते लिहिलेलं नाही. माझा आणि धाकट्याचा त्यावरून अजून वाद आहे! तो महिना कापून तसाच वहीत लावला, शेजारी आम्हा दोघांचा बोळक्या हसण्याचा फोटो. केक कापतानाच्या दहा फोटोंपेक्षा घरचे याच पानावर रेंगाळतात.

एक मात्र ठेच खाऊन शिकलेय. दुकानाची बिलं थेट चिकटवू नका. तो थर्मल कागद, त्यावर शाई नसतेच. उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि तो काळा रंग हळूहळू उडतो. लेकीच्या पहिल्या वह्यापुस्तकांचं बिल म्हणून माझ्याकडे आता एक कोरा कागद आहे. आधी झेरॉक्स काढा. सेलोटेपही नको, पिवळी पडते.

सध्या सासूबाईंच्या वाणसामानाच्या याद्या जमवतेय. 'साखर'पुढे दर महिन्याला 'या वेळी कमी' असं लिहिलेलं, आणि आकडा तोच!