‘फॉरवर्ड होता!’ असं ओरडण्याआधी

रग्बीच्या मैदानावर तीस खेळाडू असतात आणि रेफ्रीशी बोलायचा मान त्यांतल्या दोघांचाच, दोन्ही कर्णधारांचा. तिसऱ्या कुणी हुज्जत घातली की पेनल्टी. पेनल्टी आधीच लागलेली असताना कुरकुर केली, तर रेफ्री तरातरा दहा मीटर पुढे जातो आणि खूण तिथे सरकते. सव्वाशे किलोचा गडी नाकातलं रक्त पुसत ‘येस सर’ म्हणतो आणि मागे होतो. या खेळात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच दृश्य.

प्रेक्षकाला असा कुठलाच नियम नाही, आणि आमचे हाल तिथूनच सुरू होतात. फेब्रुवारी-मार्चच्या शनिवारी युरोपातल्या सहा देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेचे सामने आपल्याकडे साधारण रात्री पावणेआठला आणि सव्वादहाला लागतात. चार रग्बीवेडे एका टीव्हीसमोर बसले की खोलीत एक रेफ्री आणि एक टीएमओ (टीव्हीवर रिप्ले बघून रेफ्रीला मदत करणारा अधिकारी) नसतो. चार रेफ्री आणि चार टीएमओ असतात. माझ्या हातात असतं तर मी कुरकुरीमागे दहा मीटर हा नियम घरातही लावला असता. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मध्यंतरापर्यंत निम्मी मंडळी जिन्यात आणि उरलेली सोसायटीच्या गेटबाहेर पोचली असती. ते शक्य नाही, म्हणून निदान काही पथ्यं तरी पाळू या.

सगळ्यात पहिलं पथ्य फॉरवर्ड पासचं. चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेवढ्या भांडवलावर लोक ऐंशी मिनिटं ओरडतात. पण खेळाडू सेकंदाला आठ मीटर वेगाने पळतोय असं धरा. त्याने चेंडू स्वतःच्या मागे, सेकंदाला दोन मीटर वेगाने टाकला. चेंडूला त्याच्या पळण्याचा वेग आधीच मिळालेला असतो, त्यामुळे जमिनीच्या हिशेबाने तो सेकंदाला सहा मीटर पुढेच निघालेला असतो. हवेत अर्धा सेकंद राहिला तर तीन मीटर पुढे पकडला जाणार. तेवढ्या वेळात टाकणारा मात्र चार मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे चेंडू त्याच्या मागेच राहिला. पास कायदेशीर. आता पास देताक्षणी त्याला टॅकल बसला, म्हणजे समोरच्याने धरून पाडलं, आणि तो जागीच आडवा झाला, की चेंडू त्याच्या डोक्यावरून पुढे गेल्यासारखा दिसतो. त्यातच चुन्याची रेघ चौकटीत असली आणि कॅमेरा तिरका असला, तर विचारूच नका. म्हणून रेघेकडे बघू नका, टाकणाऱ्याच्या हातांकडे बघा. पंजे आपल्याच गोलरेषेकडे वळले असतील, तर तोंड मिटून चहा घ्या.

याचा अर्थ रेफ्री चुकत नाहीत असा नाही. २००७ च्या विश्वचषकात कार्डिफला न्यूझीलंड-फ्रान्स उपान्त्यपूर्व सामन्यात फ्रान्सच्या ट्रेयने मिशालाकला दिलेला पास पुढे गेला होता. तिथे माझं गणितही मदतीला येत नाही. रेफ्री वेन बार्न्सच्या नजरेतून तो सुटला, त्यातूनच ट्राय झाला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला) आणि न्यूझीलंड १८-२० ने घरी गेलं. बार्न्स तेव्हा २८ वर्षांचा होता. त्या एका पासाबद्दल त्याला धमक्या आल्या. पुढे सोळा वर्षांनी, २०२३ चा अंतिम सामना करून तो निवृत्त झाला, तेव्हाही कुटुंबाला आलेल्या धमक्यांबद्दल त्याला बोलावं लागलं. खेळाडू ज्याला ‘सर’ म्हणतात, त्याच्या बायकोमुलांना सोफ्यावरून शिव्या घालणाऱ्याला मी रग्बीप्रेमी मानत नाही. अशा माणसाला दुसरा चहा नाही. या एका बाबतीत मी विनोद करत नाही.

आता स्क्रम, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना चेंडूसाठी होणारी खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी. इकडचे आठ, तिकडचे आठ, दोन्हीकडे मिळून पावणेदोन टनांच्या आसपास माणूस. रेफ्री म्हणतो ‘क्राउच’, मग ‘बाइंड’, मग ‘सेट’, आणि पुढच्या दोन सेकंदांत सगळं ढिगाऱ्यात. दहीहंडीचा थर कोसळल्यावर ‘कुणाचा पाय सुटला?’ याचं उत्तर जितकं खात्रीलायक मिळतं, तितकंच इथेही. तरी काय शोधायचं ते सांगतो. पहिल्या नंबरचा लूजहेड प्रॉप (पहिल्या फळीतला डावीकडचा गडी) डावा हात समोरच्याच्या उजव्या हाताच्या आतून घालून त्याला धरतो. तिसऱ्या नंबरचा टाइटहेड (उजवीकडचा) उजवा हात समोरच्याच्या डाव्या दंडाच्या बाहेरून टाकतो. पकड समोरच्याच्या पाठीवर किंवा कुशीला असायला हवी. ती घसरून दंडावर आली किंवा कोपर जमिनीकडे रोखलं गेलं, की तो खाली ओढतोय असा संशय घ्यायला जागा आहे. खांदे कमरेच्या खाली गेले, की कोसळणं ठरलेलं. टाइटहेड सरळ रेटण्याऐवजी तिरका आत घुसला आणि समोरच्या दोन प्रॉपच्या मधल्या हुकरच्या छातीवर आला, तर तोही गुन्हा. आणि कधीकधी या सगळ्यांतलं काहीच नसतं. पाऊस पडलेला असतो आणि गवत उखडलेलं असतं.

एवढं माहीत असलं, तरी तुम्ही स्वतः पहिल्या फळीत खेळला नसाल तर स्क्रमबद्दल खात्रीने बोलू नका. खेळलेली माणसं ओळखायला सोपी असतात: मान दिसत नाही आणि कान फुगलेले असतात. ते बोलले की ऐकावं. अडचण एकच, अशी दोन माणसं शेजारी बसली, की एकाच स्क्रमवर त्यांची मतं तीन. ‘स्क्रमहाफ चेंडू सरळ टाकत नाही’ ही तक्रार सामन्यात एकदाच करायची. त्याला आपला खांदा मधल्या रेषेशी जुळवून, म्हणजे खांद्याच्या रुंदीएवढं आपल्या बाजूला सरकून उभं राहायची परवानगी आहे. तिथून चेंडू सरळ टाकायचा असतो. तो टाकत नाही हे खरं, पण जगभर कुणीच टाकत नाही, आणि ही तक्रार आपल्या आधी फार मोठमोठ्या माणसांनी करून झाली आहे.

रक म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूभोवती होणारी झुंबड. सामन्यात अशा शंभर-दीडशे झुंबडी सहज होतात, आणि खरी भांडणं इथेच पेटतात. रेफ्रीला एका दमात काय काय बघावं लागतं ते बघा. टॅकल करणाऱ्याने सोडलं का आणि तो लोळत बाजूला झाला का? खाली पडलेल्याने चेंडू सोडला का? चेंडू हिसकायला आलेला स्वतःच्या पायांवर तोललेला आहे की पडलेल्यांच्या पाठीवर कोपरं टेकून उभा आहे? येणारे मागून आले की बाजूने घुसले? आणि एवढं बघताना बचाव करणारी रांग शेवटच्या पायामागे आहे का? प्रत्येक रकमध्ये यांतलं काही ना काही चुकलेलं असतंच. ज्या चुकीने खेळ अडला, तीच रेफ्री उचलतो आणि बाकीच्या सोडून देतो. म्हणून ‘ती पेनल्टी होती’ हे वाक्य रग्बीत नेहमी खरं असतं आणि कधीच उपयोगाचं नसतं. त्याऐवजी ‘सातव्या नंबरचे हात चेंडूवर होते तेव्हा खालच्याने सोडला नाही’ असं म्हणा. कोण, कुठे, काय, एवढं सांगता येत नसेल तर ती तक्रार नाही, पोटदुखी आहे.

शिट्टी वाजली नाही म्हणजे रेफ्रीला दिसलं नाही, असंही समजू नका. एक हात आडवा धरून तो पळत असेल, तर ॲडव्हान्टेज चालू आहे, म्हणजे चूक झाली तरी समोरच्या संघाला फायदा मिळतोय का हे तो बघतोय. त्याला दिसलंय, तो थांबलाय. तुम्हीही थांबा.

कार्डांच्या बाबतीत स्लो मोशन हा शत्रू. पूर्ण वेगात जे अर्ध्या सेकंदात घडलं, ते चारदा संथ दाखवलं, की प्रत्येक टॅकल पूर्वनियोजित वाटतो. डोक्याला मार लागला असेल तर अधिकारी ठराविक क्रमाने जातात: डोक्याशी संपर्क झाला का, त्यात टॅकल करणाऱ्याचा दोष होता का, धोका किती होता, आणि समोरचा अचानक खाली वाकला अशासारखं सवलतीचं काही कारण आहे का. तुम्हीही त्याच क्रमाने जा. बहुतेक लोक चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि तीही कार्ड आपल्या संघाला मिळालं असेल तरच. २०२३ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या सॅम केनचं पिवळं कार्ड ‘बंकर’मध्ये, म्हणजे मैदानाबाहेर रिप्ले बघत बसलेल्या अधिकाऱ्याने तपासून लाल केलं. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेच्या सिया कोलिसीचं तपासून पिवळंच ठेवलं. चौदा जणांचं न्यूझीलंड ११-१२ ने हरलं. एका ढाण्या न्यूझीलंडप्रेमीसमोर हे दोन टॅकल शेजारी-शेजारी मांडू नका. मांडलेच तर जेवणाची ऑर्डर आधी देऊन ठेवा.

तक्रार किती लांबवावी, यालाही माप हवं. २०२१ मध्ये ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित लायन्स संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा पहिली कसोटी हरल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या रासी इरॅस्मसने रेफ्री निक बेरीच्या चुका दाखवणारा ६२ मिनिटांचा व्हिडिओ केला. सामना ८० मिनिटांचा, त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो अर्धा वेळ धरा. म्हणजे तक्रार खेळापेक्षा लांब झाली! रासीला दोन महिने रग्बीतून बाहेर बसावं लागलं आणि सामन्याच्या दिवशीच्या कामांवर त्याहून कितीतरी लांबची बंदी आली. माणूस डोक्याने अफाट, विश्वचषक जिंकून देणारा, हे मान्य. पण तुमच्याकडे विश्वचषक नाही. तेव्हा मिनिट सांगा, खेळाडूचा नंबर सांगा, काय दिसलं ते एका वाक्यात सांगा आणि समोरच्याला बोलू द्या.

नवख्या माणसाला शिकवायची वेळ ठरलेली असावी. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या थॉमंड पार्कवर कुणीही किक घ्यायला उभा राहिला, अगदी पाहुण्या संघाचा असला, तरी हजारो माणसं चिडीचूप होतात. घरी इतकं जमणार नाही. कुकरची शिट्टी आयरिश नाही. पण पेनल्टीला किंवा कन्व्हर्जनला किकरला ६० सेकंद मिळतात, आणि समजावून सांगायला तेवढे पुरतात. ट्रायचे ५, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टीचे ३, ड्रॉप गोलचे ३. हाताने मागे, पायाने पुढे. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला धरायचं नाही. बस. पहिल्या दिवशी याहून जास्त सांगणारा शिक्षक नसतो, छळवादी असतो. ‘मॉल आणि रकमध्ये फरक काय?’ असं त्याने स्वतःहून विचारलं, तर चेंडू उभ्या माणसाच्या हातात असेल तर मॉल, जमिनीवर असेल तर रक, एवढ्यावर भागवा. अगदीच नवखा असेल तर आधी सात-सात खेळाडूंचं सेव्हन्स दाखवा. सात-सात मिनिटांचे दोन डाव, स्क्रमला दोन्हीकडून तीनच माणसं, भांडायला वावच कमी. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली तीही सेव्हन्सचीच होती, त्यामुळे बऱ्याच घरांत हे पहिलं पाऊल पडलेलं आहे.

‘हा गोऱ्यांचा खेळ, आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणालं, तर वाद न घालता कलकत्ता कपाचं नाव घ्यावं. कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतून चांदीचे २७० रुपये काढून, ते वितळवून हा चषक घडवला. मुठींच्या जागी नाग आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड आपल्या रुपयांसाठी भांडताहेत. १९८८ मध्ये दोन्हीकडच्या एकेका खेळाडूने रात्री एडिनबराच्या रस्त्यावर तो चषक चेंडूसारखा खेळवला आणि चेपवला. स्कॉटिश खेळाडूवर सहा महिन्यांची बंदी आली, इंग्लिश थोडक्यात सुटला. या शिक्षांतल्या तफावतीवर स्कॉटिश माणसासमोर बोलू नये.

युनियन (इथवर सांगितलेली पंधरा जणांची रग्बी) आणि लीग (तिचा वेगळा झालेला प्रकार) यांची गल्लतही करू नये. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले. खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लीगमध्ये तेरा खेळाडू आणि सहा टॅकलनंतर चेंडू सोडायचा. कोणतं चांगलं, हा प्रश्न पाहुणे गेल्यावर काढावा.

राहिला निकाल. न्यूझीलंडमधला संध्याकाळचा सामना आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमाराला लागतो आणि युरोपातले काही मध्यरात्री उलटून दीडला. म्हणजे निम्मे लोक ऑफिसात किंवा झोपेत असतात आणि नंतर रेकॉर्डिंग बघतात. त्यांना स्कोअर सांगायचा नाही, हे सगळ्यांना कळतं. पण ‘मी काही सांगत नाही, तू फक्त शेवटपर्यंत बघ’ हे म्हणजे सांगणंच. त्यावरून सामना शेवटच्या मिनिटाला फिरला हे कळतं. ‘पहिला हाफ कंटाळवाणा आहे, दम धर’ हेही तेच. ‘रेफ्रीबद्दल मी बोलणारच नाही’ यातून तर कोण हरलं तेही कळतं, कारण जिंकणाऱ्याला रेफ्री आठवतच नाही. ‘बघितलीस का?’ एवढंच विचारावं. ‘नाही’ असं उत्तर आलं, की चेहऱ्यावरची रेषही न हलवता पाणीकपातीचा विषय काढावा.