सीमा ओलांडण्याची सोपी रीत

मोटारसायकलवरून देशोदेशी निघालात? अभिनंदन! गाडी कशी हाकायची हे तुम्हाला कोण शिकवणार, ते तर तुम्ही पोटातूनच शिकून आलात. अडचण असते ती फक्त सीमेवर. गेल्याच महिन्यात दोन फाटकांच्या मधल्या पट्टीत मी सहा तास उन्हात काढले, तेव्हापासून या विषयात माझा अधिकार फार वाढलाय. म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो.

कागदपत्रं पेटीच्या अगदी तळाशी ठेवा. त्यावर तंबू, तंबूवर ओले मोजे. खिडकीशी नंबर आला, मागे ट्रकवाल्यांची रांग लागली, की मग एकेक वस्तू रस्त्यावर मांडायला घ्या.

पेन आणू नका. पुढच्याकडे असतंच.

हेल्मेटवरचा कॅमेरा चालूच राहू द्या. बंदूकवाल्या शिपायाला चित्रीकरण फार आवडतं.

फॉर्मवर चॅसिस नंबर आठवणीतून लिहा. १७ खुणांच्या या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दामच ठेवलेली नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. तुम्ही मात्र शून्याच्या जागी ठसठशीत ओ काढा. मग अधिकारी हँडलखाली टॉर्च मारून एकेक खूण ताडून बघेल. तिथे चिखल असला तर उत्तमच, त्यालाही बोटांचा व्यायाम होतो.

व्हिसा ९० दिवसांचा, म्हणजे गाडीलाही ९० दिवस मिळाले असं धरून चाला. गाडीच्या तात्पुरत्या आयात परवान्यावर वेगळी तारीख असते, पण ती वाचायची कशाला? विम्याचंही तेच. युरोपच्या ग्रीन कार्डावर, म्हणजे परदेशातल्या गाडीविम्याच्या दाखल्यावर, जिथे विमा चालत नाही त्या देशांच्या खुणांवर काट मारलेली असते, ती नक्षी समजा.

आता कार्नेट. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. गाडी परक्या देशात विकून तिथली जकात बुडवणार नाही याची हमी, आणि त्या हमीपोटी आपल्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबकडे घसघशीत तारण अडकलेलं असतं. एका देशाला एक पान, पानाचे तीन भाग. शिरताना कस्टम्सवाले एक तुकडा फाडून घेतात, निघताना दुसरा. उरलेली स्थळप्रत आपल्याकडे राहते आणि तिच्यावर येतानाचा व जातानाचा असे दोन शिक्के लागतात. जातानाचा नसेल तर कागदोपत्री गाडी अजून त्याच देशात आहे, म्हणजे भरा जकात. तेव्हा तुम्ही काय करा, इमिग्रेशनच्या खिडकीत पासपोर्टावर शिक्का पडला रे पडला की किक मारा. कस्टम्सची खोली मागे, कोपऱ्यात, बिनपाटीची असते. ती शोधत कोण बसणार?

आमच्या चौघांतले एक गृहस्थ अगदी असेच निघाले. मी दोनदा विचारलं, "कार्नेट झालं का?" म्हणाले, "झालं हो सगळं." पुढच्या देशाच्या अधिकाऱ्यानं पान उलटलं, रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मागे हात केला. मागचा शिपाई फाटक उघडेना. व्हिसा एकदाच शिरण्याचा, तो वापरून संपलेला. गृहस्थ ना इकडचे ना तिकडचे. हातापाया पडून कार्नेट शिपायाबरोबर आत पाठवलं, तर शिक्केवाले साहेब जेवायला गेलेले. साहेब आले, तर म्हणे गाडी बघितल्याशिवाय शिक्का नाही. गाडी फाटकाच्या अलीकडे, साहेब पलीकडे, आणि अंतर मोजून वीस पावलं! ती वीस पावलं चालायला साहेबांना सूर्य कलावा लागला. तोवर आमचे गृहस्थ काय करत होते? माझ्या गाडीच्या सावलीत बसून माझंच पाणी पीत होते आणि "या देशाची सिस्टिमच भिकार" असं ऐकवत होते.

सिस्टिम? अहो, त्या दिवशी त्या खिडक्यांतून बाकीचे सगळे गेले की! पान उघडून एक शिक्का बघायला पाच सेकंद लागतात. तेवढं तुमच्याच्यानं झालं नाही, आणि तुमच्यापायी तिघांना अनोळखी घाटात काळोखात गाडी चालवावी लागली. ट्रक दिवे न लावता येत होते. रात्री गाडी चालवायची नाही, हे आमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. एकाचा पाय मोडता मोडता वाचला. तुम्ही सॉरीसुद्धा म्हणाला नाहीत.

हसताय काय? तुम्हीही त्यातलेच. हजारो किलोमीटरचा नकाशा पाठ असतो, टायरचा दाब सकाळ-संध्याकाळ तपासता, आणि स्वतःच्या कागदावर काय छापलंय ते दुसऱ्यानं वाचून दाखवायचं! कोणाच्या जिवावर निघालात? काढा ते कार्नेट, आत्ता, फाटकाच्या अलीकडे असतानाच. उलटा पान. दोन शिक्के आहेत? नाहीत ना? मग उतरा खाली, त्या मागच्या खोलीकडे चला. साहेब अजून जेवायला गेलेले नाहीत.