मिंटवाल्यांनो, नवं काही नको. आहे ते जोडून द्या

लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काय सुधारावं असं विचारलं की पहिल्या दहा सूचना ठरलेल्या असतात. आयकॉन बदला, पॅनेल पारदर्शक करा, वॉलपेपर जरा बरे द्या. मागायला हरकत नाही, पण त्यातल्या एकीनेही कुणाचं अडलेलं काम सुटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा लॅपटॉपवर मिंट टाकणाऱ्या माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात: मराठी टाइप व्हावं, प्रिंट निघावी आणि ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर उघडावा. तिन्ही गोष्टी मिंटच्या पेटाऱ्यात आहेत. पण एक इथे, एक तिथे, आणि तिसरी इन्स्टॉल करायची आहे हे कुणी सांगतच नाही.

मराठी टायपिंगपासून सुरुवात करू, कारण खरी मेख तिथेच आहे.

नवा माणूस सेटिंग्जमध्ये जातो, कीबोर्ड, मग लेआउट्स, आणि तिथून मराठी लेआउट जोडतो. चूक त्याची नाही, दारच ते दिसतं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीची सवय असलेला मग शिफ्ट आणि ७ दाबतो आणि 'क्ष'ची वाट बघतो. तो येत नाही. शिफ्ट-५ ने 'ज्ञ' नाही, शिफ्ट-६ ने 'त्र' नाही, शिफ्ट-८ ने 'श्र' नाही. कारण साधं आहे. या लेआउट पद्धतीत एका कळेतून युनिकोडचं (प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) एकच चिन्ह निघू शकतं आणि 'क्ष' ही तीन चिन्हं आहेत: क, हलन्त, ष. त्यामुळे के, डी आणि शिफ्ट-स्वल्पविराम अशा तीन कळा वेगळ्या दाबाव्या लागतात. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो, 'लिनक्सवर मराठी नीट चालत नाही', आणि विषय संपतो.

नीट चालतं ते आयबस या वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणाऱ्या प्रोग्रामवर. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजेस घ्यायची. इनपुट मेथडच्या खिडकीत फ्रेमवर्क म्हणून आयबस निवडायचं. मग लॉगआउट करून परत आत यायचं. ही पायरी गाळली तर काहीच घडत नाही आणि माणूस तासभर डोकं आपटतो. त्यानंतर आयबस प्रेफरन्सेसमध्ये इनपुट मेथडचा टॅब, ॲड, मराठी. यादीत मराठी दिसत नसेल तर खालच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून शोधायचं. तिथे मात्र टायपिंगच्या पद्धतींची पंगत वाढलेली आहे: इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट २, फोनेटिक, आयट्रान्स, इतकंच काय, गमभनसुद्धा.

आता सूचना. मिंट २२ मध्ये त्याच इनपुट मेथडच्या खिडकीत डावीकडे भाषांची यादी आहे. चिनी, जपानी, कोरियन निवडा, आवश्यक पॅकेजेस एका बटणावर येतात. मराठी त्या यादीत नाही. नवं इंजिन लिहायचं नाही, नवी रचना करायची नाही. एक नाव आणि दोन पॅकेजेस त्या यादीत घालायची. दुसरं, कीबोर्डच्या लेआउटमध्ये कुणी मराठी निवडलं तर तिथेच एक ओळ यावी: 'जोडाक्षरांच्या कळा हव्या असतील तर आयबस वापरा.' एवढ्याने निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

टायपिंग जमलं की पुढची कुरबूर अक्षरांच्या वळणाची. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. नोटो सान्स देवनागरी, लोहित देवनागरी, मुक्ता या फॉन्टमध्ये मराठी वळण आहे. तरी स्क्रीनवर हिंदी वळणाचा दंडयुक्त ल दिसतो. दोष फॉन्टचा नाही. मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कुणीतरी सांगावं लागतं, तेव्हाच तो मराठी आकार बाहेर काढतो. मेन्यू इंग्रजीत ठेवले असतील (आणि बहुतेक जण तसेच ठेवतात) तर अक्षरं मांडणारी पँगो ही लायब्ररी देवनागरी दिसली की हिंदी धरून चालते.

यावर उपाय आहे, पण तो चुकीचा करणारेच जास्त. सिस्टिमच्या 'लँग्वेज' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सगळे प्रोग्राम वाचतात अशा नोंदीत) इंग्रजीनंतर मराठी लिहू नका. बऱ्याच प्रोग्रामांना इंग्रजी भाषांतराची वेगळी फाइलच नसते, कारण त्यांची मूळ भाषाच ती. मग ते यादीतल्या पुढच्या भाषेवर, म्हणजे मराठीवर उडी मारतात आणि अर्धे मेन्यू इंग्रजी, अर्धे मराठी अशी खिचडी होते. त्याऐवजी 'पँगो' आणि 'लँग्वेज' हे दोन शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर, असं व्हेरिएबल होम फोल्डरमधल्या प्रोफाइल फाइलमध्ये एक्सपोर्ट करा आणि त्याची किंमत इंग्रजी व मराठीचे दोन अक्षरी कोड, मध्ये कोलन (:), अशी द्या. याचा परिणाम फक्त पँगोवर होतो, मेन्यूंना धक्का लागत नाही. लॉगआउट करून परत आत आलं की नेमो (मिंटचा फाइल मॅनेजर), टेक्स्ट एडिटर यांत ल बदललेला दिसेल. लिबरऑफिस मात्र स्वतःचंच ऐकतं. तिथे खालच्या पट्टीत मजकुराची भाषा मराठी करावी लागते आणि फॉन्ट पर्यायांमधल्या सीटीएल (देवनागरीसारख्या लिप्यांच्या) विभागात निवडावा लागतो. फायरफॉक्समध्ये वेबपेजने भाषा मराठी सांगितली असेल तरच खात्री.

हे कुणाही साध्या माणसाने करावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. मिंटच्या लँग्वेजेसच्या खिडकीत आज भाषा, प्रदेश आणि वेळेचं स्वरूप विचारतात. तिथे आणखी एक रकाना हवा: 'मेन्यूखेरीज आणखी कोणत्या भाषा वाचता?' मराठी भरलं की वरचं व्हेरिएबल, फॉन्ट आणि आयबस, तिन्ही एका फटक्यात. माझ्या मते मिंटकडे मागायची सगळ्यात मोलाची एक गोष्ट कोणती, तर ही. नेपाळी लिहिणाऱ्यांनाही फायदा, त्यांचीही काही वळणं वेगळी आहेत.

शोधाची भानगड थोडक्यात. 'ॲ' दोन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, किंवा अ वर चंद्र. दिसायला एकच, पण नेमोमध्ये एका रूपाने शोधलं तर दुसऱ्या रूपाची फाइल सापडत नाही. 'दुसऱ्या'चंही तेच: कुणी ऱ ला हलन्त लावतं, कुणी साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतं. युनिकोडचे नेहमीचे एकरूपतेचे नियम ही जोडपी एकत्र आणत नाहीत. म्हणून फाइल शोधताना ही रूपं सारखी धरावीत, ही सूचना नेमोवाल्यांकडे स्वतंत्रपणे जायला हवी.

आता प्रिंटर. आपल्याकडच्या ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत एचपी लेझरजेट १०२० अजून ठणठणीत आहे. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं राहत नाही. चालू केला की दर वेळी संगणकाने ते पाठवायचं. ते फर्मवेअर एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये असतं आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिप या एचपीच्या लिनक्ससाठीच्या प्रिंटर-सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. सिस्टिम अपग्रेड झाली, एचपीलिप पुढे गेलं, प्लगइन मागे राहिलं, की प्रिंटर गप्प. रांगेत काम दिसतं, कागद हलत नाही. बिचाऱ्याने तोवर केबल बदललेली असते, टोनर हलवलेला असतो. उपाय म्हणजे नेट चालू ठेवून टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन ही आज्ञा पुन्हा चालवायची आणि प्रिंटर बंद करून चालू करायचा. सूचना अशी: एचपीलिप अपडेट होताना जुनं प्लगइन सापडलं तर अपडेट मॅनेजरने तिथेच विचारावं, 'प्रिंटरचं प्लगइनही नवं घेऊ का?' कॅननच्या एलबीपी २९०० ची गोष्ट वेगळी. तो कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो आणि त्याचा ड्रायव्हर मिंटसोबत येत नाही. निदान प्रिंटर जोडल्यावर 'याला वेगळा ड्रायव्हर लागेल' एवढं तरी स्पष्ट सांगा.

रॅमचं बघा. मिंट अधिकृतपणे किमान २ जीबी आणि सोयीसाठी ४ जीबी सांगतं. ४ जीबी आणि फिरती हार्डडिस्क असेल तर सात-आठ टॅब उघडल्यावर रॅममध्ये न मावलेलं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जातं आणि माउससुद्धा अडखळतो. झेडरॅम रॅममधलीच पानं दाबून रॅममध्येच ठेवतं. साधारण दोन-तीन पट दाबली जातात. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, हे मुळातच चालू ठेवलं. मिंटमध्ये झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घेऊन त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टक्केवारी ५० आणि दाबण्याची पद्धत झेडएसटीडी लिहायची, मग सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. ८ जीबीपेक्षा कमी रॅम दिसली की इन्स्टॉलरनेच हे करावं. यात वाद घालण्यासारखं काही आहे असं वाटत नाही.

टाइमशिफ्ट या मिंटच्या बॅकअप प्रोग्रामबद्दल एकच. बॅकअपसाठी पेनड्राइव्ह जोडला आणि तो यादीत निवडता येत नाही, ही तक्रार फार येते. पेनड्राइव्ह फॅट किंवा एनटीएफएस असतो आणि टाइमशिफ्टला ईएक्सटी४ सारखी लिनक्सची फाइलसिस्टिम लागते. शिवाय पहिली प्रत जवळपास सगळ्या सिस्टिमइतकी जागा खाते. हे दोन्ही निवडीच्या आधी दिसावं.

सूचना कुठे द्यायची? मिंटच्या भागांची गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर वेगवेगळी रिपॉझिटरी (कोडची कपाटं) आहेत: नेमोची सूचना नेमोकडे, भाषेच्या खिडकीची मिंटलोकेलकडे. पँगो आणि आयबस मिंटचे नाहीत, तिथली तक्रार मिंटकडे केली तर पडून राहील. एका तक्रारीत एकच गोष्ट. सिस्टिम रिपोर्ट्स उघडून सिस्टिमची माहिती कॉपी करून चिकटवा. वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही असं धरूनच लिहा: 'अक्षर चुकीचं दिसतं' याने त्याला काही कळणार नाही, 'यू+०९३१ (ऱ) नंतर हलन्त आणि य, इथे अर्धा र यायला हवा' याने कळेल. सोबत दोन स्क्रीनशॉट, आज कसं दिसतं आणि कसं दिसायला हवं. आणि ही ओळ नक्की घाला, कारण वरच्या अक्षरांच्या बहुतेक अडचणी तिच्यात सापडतात:

'लक्षात ठेव, शाळेतल्या दुसऱ्या मुलाची तऱ्हा ॲपमध्ये ज्ञात आहे.'

वाक्याला अर्थ नाही, मान्य आहे. ल, श, क्ष, ऱ्य, ऱ्ह, ॲ, ज्ञ मात्र सगळे आले.