बापूच्या पोराचा गोल

काल रात्री विश्रामबागच्या कट्ट्यावर साडेदहापर्यंत एकच वाद. सकाळच्या फुटबॉल मॅचमध्ये कॉर्नरनंतर बापूच्या पोरानं बरोबरीचा गोल मारला, पोरगा नियमापेक्षा पुढं उभा होता म्हणत रेफ्रीनं ऑफसाइड देऊन तो रद्द केला, टीम 1-0 नं हरली. बापू दिवसभर धुमसत होता.

"गोलरेषेवर त्यांचा डिफेंडर उभा होता की! माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग ऑफसाइड कसं?"

"आणि कॉर्नरवर ऑफसाइड नसतंच," संज्यानं री ओढली.

संज्याचं अर्धं खरं. कॉर्नर, थ्रो-इन, गोलकिक, यांवरून बॉल थेट आला तर ऑफसाइड धरत नाहीत. पण इथं तो थेट आलाच नव्हता. कीपरनं पुढं धावत येऊन मुठीनं बॉल उडवला, लांब उभ्या असलेल्या आपल्या एका पोरानं तो डोक्यानं परत आत ढकलला, आणि मग बापूच्या पोरानं पाय घातला. कॉर्नरची सवलत कधीच संपली होती. डोकं बॉलला लागलं त्या क्षणी कोण कुठं उभं होतं, एवढंच बघायचं. गोल मारताना कोण कुठं होतं याला अर्थ नाही.

तोंडानं पटेना, म्हणून मी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. फरशीची सांध म्हणजे गोलरेषा. बापूची कोल्हापुरी रेषेवर, तो डिफेंडर. माझं सँडल चार हात पुढं, तो कीपर. दोघांच्या मधे संज्याची स्लिपर, म्हणजे बापूचा पोरगा. बॉल म्हणून भडंगावरचं पिळलेलं लिंबू, कीपरच्याही पुढं.

"आता पोरगा आणि रेषा यांच्यात त्यांची माणसं किती?"

"एक."

"त्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या, म्हणजे इथं कीपरच्या, पुढं जायचं नाही, असा नियम आहे. त्याच्या बरोबरीत असला तर चालतं, 1990 पासून."

"अरे, पण एक कीपर धरतातच की!"

बापू अडला तो इथं. नियमात कीपरला वेगळा मान नाही. तो बहुतेक वेळा सगळ्यात मागं असतो, म्हणून आपण 'एक डिफेंडर मागं हवा' असं पाठ करतो. कीपर पुढं आला की ते पाठांतर फसतं. 2022 च्या वर्ल्डकपची पहिलीच मॅच आठवा, कतार-इक्वेडोर. तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल रद्द झाला तो याच कारणानं. कीपर पुढं आलेला, मागं एकच डिफेंडर, आणि त्याचा सोबती एस्त्रादा याचा पाय शेवटून दुसऱ्याच्या पुढं.

आता अण्णा उठले. लहानपण कोल्हापुरात, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅचेस बघत गेलेलं. "हा नियम गोलासमोर तळ ठोकणाऱ्यासाठी आहे रे. बारा कॅमेरे लावून पायाचं बोट मोजायला नव्हे."

अण्णांचा मुद्दा हलका नाही. 1925 पर्यंत मधे तीन माणसं लागायची. ती दोनवर आणली आणि इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमधले गोल एका सीझनमध्ये 1192 वरून 1703 वर गेले. म्हणजे नियम खेळासाठी वाकवता येतो. तरी मी त्यांना विचारलं, "कबड्डीत धरलेल्या गड्याचं बोट मधल्या रेषेला टेकलं की तो सुटतो. तिथं बोटाला किंमत, मग इथं का नाही?"

अण्णा बराच वेळ गप्प. "तिथं गडी स्वतः रेषेपर्यंत झुंजत येतो," एवढंच म्हणाले, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बापूला मात्र मी सोडलं नाही. रेफ्रीला शिव्या घालून पोरगा काही शिकणार नाही. बॉल गोलापासून लांब उडाला की आपणही तिकडं पळायचं, हे त्याला सांग. तो जागेवर थांबला, तिथंच गोल गेला.

बापूनं एका पायात चप्पल घातली आणि थांबला. "बरं, तो डिफेंडर मुद्दाम रेषेबाहेर गेला असता तर?"

"तरी रेषेवरच धरतात."

"दाखव," म्हणत त्यानं चप्पल पुन्हा काढली.