दारात खुनी, आणि कांटच्या तोंडी घातलेलं वाक्य

"मित्र घरात लपलाय, खुनी दारात उभा आहे, आणि कांट म्हणतो पत्ता सांगून टाक! अशी ही कर्तव्यवादी नीती. त्यापेक्षा कुणाच्या भल्यासाठी खोटं बोलणारा बरा." जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट आणि कर्तव्यवाद (कृती योग्य की अयोग्य हे निव्वळ परिणामांवरून नाही, तर कर्तव्यावरून ठरतं असं मानणारी नीती) यांच्याबद्दल हा दावा सतत फिरत असतो. त्यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करतो.

उदाहरण बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताने पुढे केलं होतं. ज्याला सत्यावर हक्क नाही, त्याच्याशी खरं बोलण्याचं कर्तव्य नाही, असं त्याचं म्हणणं. १७९७ मध्ये कांटने उत्तर दिलं की, तिथेही खोटं बोलू नये. तुम्ही 'तो घरात नाही' म्हणालात, तेवढ्यात मित्र मागच्या बाजूने निसटला आणि खुन्याला रस्त्यातच सापडला, तर दोष तुमच्याकडे येतो, असंही तो म्हणाला. हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. खुनाची जबाबदारी खुन्याचीच.

पण 'पत्ता सांगून टाक' हे कांटचं म्हणणं नाही. बोलणं टाळताच येत नसेल तेव्हा जे बोलाल ते खरं असावं, एवढाच त्याचा आग्रह. दार लावून घ्या, आरडाओरडा करा, 'सांगणार नाही' म्हणा, त्याची काही हरकत नाही. १७६६ मध्ये मोझेस मेंडेल्सझोन या तत्त्वज्ञाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, मनोमन पटलेल्या कितीतरी गोष्टी बोलायचं धाडस मला कधी होणार नाही. पण जे वाटत नाही ते मी कधीच बोलणार नाही.

हा 'नरो वा कुंजरो वा'चाच प्रकार, असं कुणी म्हणेल. तसं नाही. तिथे ऐकणाऱ्याची फसगत व्हावी म्हणूनच वाक्य उच्चारलं जातं. 'सांगणार नाही' म्हटल्यावर समोरच्याला नकार मिळतो, चुकीची समजूत नाही. मात्र कधी कधी गप्प राहणंच सगळं सांगून जातं. तिथे मी कांटची साथ सोडतो.

आणि ती सोडूनही कर्तव्यवादी राहता येतं. डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३० मध्ये मांडलं की कर्तव्यं अनेक असतात, त्यांची टक्कर होते, आणि प्रसंगी एक दुसऱ्यापेक्षा जड ठरतं. खुन्यासमोर जीव वाचवणं जड.

आता 'भल्यासाठी खोटं'. नातेवाईक रुग्णाच्या खोलीबाहेर कुजबुजतात, डोळे पुसतात, आत येऊन म्हणतात, "रिपोर्ट चांगला आलाय." माया खरी असते. पण पुढचे उपचार घ्यायचे की थांबायचं, कुणाशी बिनसलेलं नीट करायचं, हे त्या माणसाला ठरवायचं होतं. ते त्याच्या हातून काढून घेतलं. पुष्कळदा त्यालाही कळलेलं असतं, मग तोही हसरा चेहरा करतो आणि शेवटचे दिवस दोन्हीकडून नाटक करण्यात जातात. परत न करण्याच्या बेताने कर्ज मागणाऱ्याबद्दल कांटने १७८५ मध्ये हेच लिहिलं होतं: ज्याला फसवतोय, त्याची अशा वागवण्याला संमती असूच शकत नाही. खोट्या रिपोर्टवर दिलेला होकार तरी कशाला दिलेला असतो?

रुग्णाने विचारलंच नाही, तर लादायचं नाही. विचारलं आणि जीभ रेटेना, तर "आत्ता मला बोलवत नाहीये, उद्या डॉक्टरांना आपण दोघं मिळून विचारू" हेही खरंच बोलणं आहे.